तालीम : एक शब्द, दोन अर्थ
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., शुक्रवार पेठ, सोलापूर



'व्यायामाचे महत्त्व' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. विषय जुना आहे. शाळेत असताना आपण सर्वांनीच यावर निबंध लिहिले, दहापैकी सात-आठ गुण मिळविले आणि निबंध पुरा झाल्यावर पुन्हा बसूनच राहिलो. तेव्हा महत्त्व सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. महत्त्व पटूनही आपण हालचाल का करीत नाही आणि ती आनंदाने कशी करता येईल, एवढाच विचार आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. तो शब्द म्हणजे 'तालीम'. आपल्या घरात तालीम म्हटले की शिक्षण. 'मुलाची तालीम अधुरी राहता कामा नये' असे आपण म्हणतो. हाच शब्द घेऊन उंबऱ्याबाहेर या. सोलापूरच्या कोणत्याही पेठेत 'तालीम कुठे आहे?' असे विचारा. लोक आपल्याला शाळेकडे नेणार नाहीत, कुस्तीच्या आखाड्याकडे नेतील. शब्द एकच, मूळ अरबी, 'इल्म' म्हणजे ज्ञान याच धातूतून आलेला. उर्दूने त्यातले शिक्षण जपले, मराठीने त्यात लाल माती मिसळली. आखाड्यातली भाषाच अशी मिळून-मिसळून वाढलेली आहे. कुस्ती, पहिलवान, जोर, खुराक हे शब्द फारसीतून आले. उस्तादाचा वस्ताद झाला. आखाडा आणि लंगोट इथलेच. ज्यांनी ही भाषा घडविली, त्यांना बुद्धीची तालीम आणि शरीराची तालीम यांत भांडण दिसले नाही. भांडण आपण लावले आहे. मूल दहावीत गेले की एका तालमीच्या नावाने दुसरी बंद करायची, ही रीत आपल्या घराघरांत पडली आहे.

आपला जिल्हा या बाबतीत दरिद्री नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे बोरामणी हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. त्या स्पर्धेची मानाची गदा बोरामणीच्या एकाच शेख घराण्यात तीनदा आली. १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली अप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख महाराष्ट्र केसरी झाले. बावीस वर्षांत एका खेडेगावातील एका घराण्याचे तीन महाराष्ट्र केसरी! ही आपल्या दाराशी घडलेली गोष्ट आहे आणि ती आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे.

परंतु इथेच एक सावधगिरीची सूचना देतो. बोरामणीचे नाव ऐकून कोणी वडील घरी जाऊन मुलाला म्हणतील, 'उद्यापासून पहाटे चारला ऊठ, पाचशे बैठका मार!' मुलगा दोन दिवस मारील, तिसऱ्या दिवशी त्याचे पाय धरतील आणि चौथ्या दिवशी त्याला व्यायामाचा कायमचा वीट येईल. पदक हजारांत एकाला मिळते. प्रकृती मात्र हजारांतल्या हजारांनाही लागते. मी आज त्या उरलेल्या नऊशे नव्याण्णव जणांविषयी बोलतो आहे. त्यांत मीही आलो आणि आपणही आलात.

या सामान्य माणसाच्या बाबतीत काय घडते, हे लंडनच्या बसगाड्यांनी जगाला शिकविले. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसवर काम करणाऱ्या ड्रायव्हर व कंडक्टर यांच्या प्रकृतीची तुलना केली आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे फाडण्यासाठी सारखा जिना चढतो आणि उतरतो. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत बरेच कमी आढळले. मॉरिस इथेच थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच अंगाने जाड असतील काय, अशी शंका घेऊन त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी निघाली. त्यांनी इतर व्यवसायांतील लोकांचाही अभ्यास केला. हिंडून पत्रे वाटणारे पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुदृढ असल्याचे आढळले. त्या कंडक्टरने कधी जोर-बैठका काढल्या नव्हत्या, दूध-बदामाचा खुराक घेतला नव्हता. तो फक्त हलत होता.

आता आपल्या घराकडे पाहू. एके काळी सोलापूर गिरण्यांचे गाव होते; भोंग्यावर माणसे चालत कामाला जात आणि चालत परत येत. गिरण्या गेल्या. आता दाराशी दुचाकी आहे; कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी तिला किक बसते. अब्बा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले, अम्मी विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसलेली किंवा शिलाई मशीनवर वाकलेली, मुलगा मोबाईलमध्ये मान घालून बसलेला. मोबाईलमध्ये तो क्रिकेटच खेळतो आहे, पण घाम फक्त बॅटरीला येतो! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा आकडा दूरचा वाटत असेल, तर आपल्या गल्लीतील किती घरांत साखरेच्या गोळ्या चालू आहेत, ते बोटांवर मोजून पाहा.

हालचालीचा आणि साखरेचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. आपण चालतो तेव्हा पायांचे मोठे स्नायू काम करतात आणि कामासाठी लागणारे इंधन म्हणून रक्तातील साखर ओढून घेतात. स्नायू स्वस्थ बसले की ही मागणी घटते आणि साखर रक्तातच रेंगाळते. म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली हा केवळ जुना रिवाज नाही, त्यामागे शास्त्र आहे. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हाडांची मजबुती मुख्यतः वाढीच्या वयातच साठविली जाते आणि उड्या, धावणे, अंगावर भार घेणारे खेळ यांनी ती साठते. ही ठेव पुढे पन्नाशी-साठीत उपयोगी पडते. मुलींना तर या ठेवीची गरज अधिकच, कारण उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा त्रास स्त्रियांना जास्त होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप साधे आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. मोठ्यांसाठी हे दिवसाला बावीस मिनिटांच्या आत बसते. एवढा वेळ तर आपण चहाच्या टपरीवर सहज घालवितो.

आपण म्हणाल, 'सर, आम्ही मागावर बारा-बारा तास उभे असतो. आणखी व्यायाम कशाला?' प्रश्न रास्त आहे. यंत्रमागावरचा माणूस थकतो, याविषयी शंका नाही. पण त्याचे तेच हात, तीच कंबर, तेच उभे राहणे चालू असते. त्याला हवी आहे अंग मोकळे करणारी हालचाल : पाळी संपल्यावर हात-पाय ताणणे आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत दोन-तीन मैल फिरणे. विड्या वळणाऱ्या भगिनींनी अर्ध्या-पाऊण तासाने सूप बाजूला ठेवून अंगणात एक फेरी मारावी. पाच मिनिटांत विड्या फारशा कमी होणार नाहीत, कंबरेला मात्र विसावा मिळेल.

आता मुख्य गोष्ट. माणूस औषध म्हणून केलेला व्यायाम सोडून देतो आणि आवडीने केलेला खेळ धरून ठेवतो. म्हणून व्यायाम निवडताना 'याने काय फायदा होईल?' याच्या आधी 'यात मन रमते का?' हा प्रश्न विचारा. ज्याला धावण्याचा कंटाळा आहे, त्याने सायकल घ्यावी. ज्याला एकटे चालवत नाही, त्याने मित्र बरोबर घ्यावा. मित्र दारात येऊन हाक मारतो तेव्हा पांघरूण आपोआप बाजूला होते. ज्याला लेझीम आवडते, त्याने लेझीम घ्यावी. हलगीच्या ठेक्यावर अर्धा तास कसा गेला हे कळतही नाही. घरातील लहान मुलींना दोरीवरच्या उड्या मारू द्या. त्या दोरीची किंमत आपल्या मोबाईलच्या एका रिचार्जपेक्षा कमी आहे.

आणि खेळांना जागा, पैसा फार लागतो असे म्हणू नका. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू लागतो. लंगडीला तर स्वतःच्या पायाशिवाय काहीच लागत नाही. खो-खोला दोन खांब आणि एक सपाट मैदान पुरते. याच खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या शाळेच्या मागच्या पटांगणावरचा खेळ जगापुढे गेला, तो कोणत्याही महागड्या साहित्यावाचून.

शुक्रवार पेठेच्या गल्ल्या अरुंद आहेत, हे खरे. पण भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि होम मैदान ही ठिकाणे आपल्याला कोणी बंद केलेली नाहीत. रविवारी पहाटे सहकुटुंब निघा, तलावाच्या काठाने फिरा, मुलांना त्या किल्ल्याचा इतिहास सांगा. चालणेही होईल आणि इतिहासाचा तासही होईल. येताना पाणी बरोबर ठेवा आणि सोलापूरचा उन्हाळा ध्यानात घेऊन ऊन चढण्यापूर्वी परत या. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांची साखर कमी-जास्त होते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रमजानच्या दिवसांत दुपारी धावपळ न करता इफ्तारनंतर सावकाश फिरावे.

माता-भगिनींनो, आता मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. पाचवी-सहावीच्या मधल्या सुट्टीत मैदानावर मुली मुलांइतक्याच धावताना दिसतात. आठवीपासून त्या भिंतीच्या कडेला उभ्या दिसतात. त्यांच्या पायांतले बळ गेलेले नसते. 'आता मोठी झालीस' हे एक वाक्य त्यांच्या आणि मैदानाच्या मध्ये येऊन उभे राहिलेले असते. निजामाबादची निखत झरीन तेरा-चौदा वर्षांची असताना बॉक्सिंगकडे वळली, तेव्हा लोकांची कुजबुज तिच्याही घराने ऐकली. वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. २०२२ साली इस्तंबूलला आणि २०२३ साली दिल्लीत ती जगज्जेती झाली. आपली मुलगी जगज्जेती व्हावी असा माझा आग्रह नाही. ती लाजेने भिंतीला टेकून उभी राहू नये, एवढीच विनंती आहे. पोशाख कोणता घालावा, मैदान कोणते, वेळ कोणती, हे घरात बसून ठरविता येते. खेळणे मात्र बंद करू नका.

दहावीच्या पालकांनाही एक विनंती. 'खेळाचा तास काढून गणिताचा जादा तास घ्या' अशी मागणी दरवर्षी कोणी तरी करतोच. हेतू चांगला असतो. पण सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, रात्री अभ्यास असे चौदा तास बसलेले मूल पंधराव्या तासाला गणित शिकत नाही, फक्त वहीपुढे बसते. तेच मूल संध्याकाळी पाऊण तास खेळून, घाम गाळून, हातपाय धुऊन बसले तर मन ताजे असते आणि रात्री झोपही गाढ लागते. झोप नीट झाली तर पाठांतरही टिकते. शिक्षक या नात्याने मी सांगतो, तो तास आमच्याकडे मागू नका, मुलांकडे राहू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला फक्त एवढेच सांगतो. आज घरी गेल्यावर अब्बांना किंवा दादीला विचारा, 'तुम्ही लहानपणी कोणता खेळ खेळत होता?' आणि तो खेळ त्यांच्याकडून शिकून घ्या. विटीदांडूत किती हातांचा डाव, सूरपाट्यांत कोण कुठे उभे राहते, भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळायची, हे पुस्तकात सापडणार नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या हातापायांत साठलेले आहे. शिकविताना तेही चार पावले उड्या मारतील आणि त्यांचाही व्यायाम होईल.

'तंदुरुस्ती हजार नियामत' ही म्हण आपल्या घरात सर्वांना पाठ आहे. नियामत म्हणजे देणगी; आणि देणगी वापरल्याविना ठेवली तर तिला गंज चढतो. आपल्या संस्थेने एका तालमीसाठी वर्ग बांधले आहेत, शिक्षक दिले आहेत, आपण फी भरता. दुसऱ्या तालमीला फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. तिच्यासाठी वर्ग बांधावा लागत नाही; शनिवारी संध्याकाळी शाळेचे मैदान मोकळे असते. येत्या शनिवारी आपल्या पाल्याबरोबर एकेका पालकाने तेथे यावे. मुले लगोरी रचतील, चेंडू आपण मारावा.