दम्यावरील एका औषधाची जन्मकथा

गाजर गवत फुलोऱ्यावर आले की कित्येकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते, काहींना धाप लागते. परागकण हा रोगजंतू नव्हे. परंतु काही व्यक्तींची संरक्षणयंत्रणा त्यालाच शत्रू मानते. नाक व श्वासनलिका यांच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ‘आयजीई’ प्रतिद्रव्यांना परागकणातील प्रथिन जोडले गेले, की पेशीत साठलेले हिस्टामीन व तत्सम द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे सूज येते, स्राव वाढतो आणि श्वासनलिका आकुंचन पावतात.

या पेशींना आवर घालण्याचा एक मार्ग इजिप्तमधील वनस्पतीने दाखविला. कोथिंबीर व ओवा यांच्याच कुळातील ‘खेल्ला’ ही वनस्पती तेथे मुतखड्याच्या वेदनांवर परंपरेने वापरीत. तिच्यातील खेलिन हे द्रव्य आकुंचित स्नायू सैल करते. डॉ. रॉजर अल्टौन्यन यांचा जन्म १९२२ साली सीरियातील अलेप्पो येथे झाला. ते स्वतः दमेकरी होते. इंग्लंडमध्ये खेलिनच्या धर्तीवर तयार केलेली संयुगे त्यांनी स्वतःवरच तपासली. गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासावाटे घेऊन ते मुद्दाम दमा उत्पन्न करीत. वर्षानुवर्षांच्या या परिश्रमांतून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट सिद्ध झाले. १९६७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

विशेष असे, की हे औषध खेलिनप्रमाणे स्नायू सैल करीत नाही. ते मास्ट पेशींतील द्रव्यांचा स्राव रोखते. म्हणूनच ते आधी घेतल्यास उपयोगी पडते. उसळलेला दमा त्याने शमत नाही. पुढे दम्याच्या उपचारात श्वासावाटे घ्यावयाच्या स्टिरॉइडांनी त्याची जागा बव्हंशी घेतली. डोळ्यांच्या ॲलर्जीवर मात्र त्याचे थेंब आजही वापरतात.

कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्यदेखील प्रयोगशाळेत मास्ट पेशींचा स्राव कमी करते. तथापि, परीक्षानळीतील पेशी आणि धापा टाकणारा रुग्ण यांत मोठे अंतर आहे. कांदा खाल्ल्याने दमा बरा होतो, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. शिवाय, गाजर गवत हीदेखील वनस्पतीच आहे! ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे.

गावात झाडपाल्याच्या औषधांवर श्रद्धा असते. तिची अवहेलना करू नये. परंतु तिच्या भरवशावर चालू औषध बंद करणे दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकते. धाप लागलेल्या रुग्णाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविणे, ही गोष्ट शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगावी.