पेपर बंद झाला, मग नोटीस कुठं वाचायची?



आमच्या गावात गेल्या दिवाळीपर्यंत सकाळी सातला सायकलची घंटी वाजायची. पहिल्या एसटीनं तालुक्याहून पेपरचा गठ्ठा यायचा आणि पेपरवाले काका तो सायकलला लावून आळीआळीनं फिरायचे. दिवाळीनंतर घंटी वाजायची थांबली. काका भेटले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "बाई, एकेकाळी 60 अंक टाकत होतो. आता 9 उरले. त्यासाठी पहाटे पाचला उठून स्टँडवर कोण जाईल? कमिशनमधून सायकलचं पंक्चरसुद्धा निघत नाही."

मला वाईट वाटलं. पण घरी आल्यावर मनात आलं, तो पेपर माझ्या हातात यायचा तरी कधी? आधी मामंजी, मग धाकटे दीर, मग शेजारचे दोघं. मला मिळायचा तो दुपारी, धुणंभांडी उरकल्यावर, तेही मधलं पान हरवलेला. आपल्यातल्या कित्येक जणींच्या हातात तर पेपर रद्दी होऊनच आला. फडताळात अंथरलेला, नाहीतर शेंगदाण्यांच्या पुडीचा. पुडी सोडायची, शेंगदाणे डब्यात ओतायचे आणि कागद सरळ करून वाचायचा. बातमी अर्धीच असायची. उरलेली दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेलेली!

म्हणून लोक म्हणतात ना, "पेपरचा जमाना गेला," तेव्हा मला विचारावंसं वाटतं की तो जमाना आपला होता कधी? तरीही आज मी पेपरची बाजू घेऊन बोलणार आहे. का, ते सांगते.

आमच्या गटात एक जण आहे. तिचं माहेर शेजारच्या तालुक्यात. वडील वारले, पण सातबाऱ्यावर भावांबरोबर तिचं नाव काही लागलं नव्हतं. "लावू की, घाई काय आहे," असं चाललं होतं. एकदा ती बाजारात बांगड्या भरायला गेली. जास्तीच्या चार बांगड्या कासारानं पेपरच्या तुकड्यात गुंडाळून दिल्या. घरी येऊन तिनं कागद उलगडला, तर त्यावर बारीक अक्षरात "जाहीर नोटीस". गाव माहेरचं. गट नंबर ओळखीचा. अमुक जमीन आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा हक्क किंवा हरकत असेल तर 15 दिवसांत कळवावं, नाहीतर कुणाचाच हक्क नाही असं समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. तारीख बघितली तर दीड महिन्यापूर्वीची. ती तशीच तालुक्याला धावली. खरेदीखत होऊन गेलं होतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. असल्या नोटिशीची मुदत संपली म्हणून बाईचा हक्क मरत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे देशभर पक्कं झालं. पण जे काम त्या 15 दिवसांत एका लेखी हरकतीनं थांबलं असतं, त्यासाठी ती आज कोर्टाच्या तारखा करते आहे. वकिलाची फी, एसटीचं भाडं, बुडलेला रोज आणि भावांशी तुटलेलं बोलणं. हे सगळं एका न वाचलेल्या चौकटीपायी.

नोटिशी अजून पेपरातच येतात, हे आपण विसरतो. 2013 चा भूसंपादन कायदा घ्या. त्या कायद्यानं सरकारला जमीन घ्यायची असेल, तर सुरुवातीची अधिसूचना त्या भागात चालणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते आणि त्यातलं एक आपल्या भाषेतलं असावं लागतं. ती ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात आणि संकेतस्थळावरही लावायची असते. ती प्रसिद्ध झाल्यापासून 60 दिवसांत हरकत घेता येते. पण जिच्या घरी पेपर येत नाही आणि जी ग्रामपंचायतीची पायरी चढत नाही, तिचे 60 दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले?

कुणी म्हणेल, "ताई, संकेतस्थळावर आहे ना, फोनवर बघावं." बरोबर आहे. पण तिथं आपल्याला आपणहून जावं लागतं. काय शोधायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. पेपरचं तसं नाही. मी कांद्याचा भाव बघायला पान उघडते आणि शेजारच्या चौकटीत माझा गट नंबर दिसतो. जे शोधलं नव्हतं तेही नजरेला पडतं. फोन मात्र मी काल जे बघितलं तेच आज पुढं करतो. काल एक रांगोळी बघितली, की आज दहा रांगोळ्या. आणि बऱ्याच घरांत तो फोन तरी आपला कुठं असतो? पोराचा असतो, नाहीतर मालकांचा. आधी पेपर त्यांच्या हातात होता, आता फोन त्यांच्या हातात आहे.

मग पेपर मागं का पडतोय? हिशेब सोपा आहे. आपण देतो त्या पाच-सहा रुपयांत अंकाचा खर्च निघत नाही. कागद, शाई, छपाई, गाडी, एजंटचं कमिशन, यातलं बरंचसं जाहिरातींवर भागायचं. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, लोक फोनकडे वळले आणि जाहिराती गूगल, फेसबुककडे गेल्या. मग 2020 ची टाळेबंदी आली. त्या एप्रिलमध्ये आपल्या राज्यात पेपर घरोघर टाकायलाच मनाई झाली होती. मोडलेली सवय पुष्कळ घरांत परत लागलीच नाही. मासिकांना तर जाहिरातीही फार नसतात. ती जगतात वर्गणीवर. 1930 साली सुरू झालेलं "स्त्री" मासिक किती घरांतल्या बायकांनी जपून वाचलं, पण तेही पुढे बंद पडलं. त्याच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये "मिळून साऱ्याजणी" सुरू केलं, तेव्हा कुठं एक दार परत उघडलं.

पेपर कमी झाला की आणखी एक माणूस कमी होतो, तो म्हणजे गावचा वार्ताहर. नळयोजनेची टाकी बांधून झाली तरी पाणी का नाही, हे विचारायला मुंबई-दिल्लीचा चॅनेल आपल्या गावात येत नाही. तो तालुक्याचा वार्ताहर यायचा. चार ओळी छापून यायच्या आणि त्या चार ओळींनी कधीकधी ग्रामसेवक जागेवर सापडायचे.

आता पेपरात सगळं खरंच येतं, असं मी म्हणणार नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा केवढा बोभाटा आपल्याच राज्यात झाला. एकच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या पेपरांत आला होता. पण बघा, तो छापलेला होता म्हणूनच शेजारी शेजारी ठेवून दाखवता आला. छापलेलं पुसता येत नाही. आणि प्रत्येक पेपरच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात, पत्ता असतो. 1867 च्या कायद्यानंच ते बंधन घातलं होतं. म्हणजे चूक झाली तर कुणाच्या दारात जायचं, हे माहीत असतं.

फोनवर फिरणाऱ्या मेसेजच्या तळाशी काय असतं? "सगळ्यांना पाठवा." बस्स. कुणी लिहिलं, कुठून लिहिलं, काही नाही.

याची किंमत आपल्या महाराष्ट्रानं मोजली आहे. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या हाती सापडले. पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांच्याही घरी आया होत्या, बायका होत्या, लेकरं होती. ज्यानं पहिला मेसेज लिहिला त्याचं नाव त्या मेसेजखाली नव्हतं. आणि मैत्रिणींनो, पुढं काय झालं ते ऐका. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं खोटे मेसेज कसे ओळखावेत हे लोकांना सांगायला जाहिराती दिल्या. कुठं? छापील वर्तमानपत्रांत, पानभर!

म्हणून मी म्हणते, प्रश्न कागदाचा किंवा काचेचा नाही. प्रश्न आहे की बातमीखाली नाव आहे का, आणि ते माणूस जागेवर जाऊन आलं आहे का. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात 2002 साली गावातल्या बायकांनी "खबर लहरिया" नावाचा पेपर काढला. त्यातल्या बऱ्याच दलित घरांतल्या, थोडंच शिकलेल्या. बोली भाषेत, बुंदेलीत लिहायच्या. स्वतः गावोगाव जाऊन बातमी आणायच्या, स्वतःच अंक विकायच्या. पुढं त्यांनी छापील अंक थांबवला आणि मोबाइलवर बातम्या द्यायला लागल्या. कागद सुटला, पण रस्ता झाला का, रेशन मिळतं का, हे जागेवर जाऊन विचारणं सुटलं नाही.

आणि हे काम बायकांना नवं नाही. आपल्याकडं 1832 साली 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी "दर्पण" सुरू केलं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण तानुबाई बिर्जे हे नाव किती जणींनी ऐकलं? सत्यशोधकांचा "दीनबंधु" हा पेपर त्यांचे पती वासुदेवराव चालवत होते. 1906 मध्ये ते गेले आणि तानुबाईंनी संपादकाची खुर्ची सांभाळली. शेतकऱ्याचं, बहुजनांचं गाऱ्हाणं एका बाईच्या नावाखाली छापून येत होतं, तेही शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. मग आपण का मागं राहायचं?

आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. पटलं तर तुम्हीही करा.

पहिलं, गटाचा एक पेपर. रोजचे 6 रुपये धरले तर महिन्याचे 180. आम्ही 12 जणी आहोत, म्हणजे एकीला 15 रुपये. पेपरवाले काका घरी आणून देत नाहीत, पण कॉलेजला जाणारी आमच्यातल्या एकीची मुलगी तालुक्याहून येताना घेऊन येते. संध्याकाळचा मिळतो, पण मिळतो. ज्या गावात सरकारी अनुदानाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं तर पैसेही नकोत. फक्त तिथं बाईनं जाऊन बसायचं धाडस हवं. दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे अवघड वाटत नाही.

दुसरं, नोटिशीचं पान आधी. आठवड्याच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की एकजण जाहीर नोटिशी मोठ्यानं वाचते. गावाचं नाव आणि गट नंबर एवढंच नीट ऐकायचं. आपल्या गावची असो की कुणाच्या माहेरची, कात्रण कापून गटाच्या वहीत चिकटवायचं आणि तारीख घालायची. जिचं असेल तिला त्याच दिवशी निरोप. वाचता न येणाऱ्या आमच्या दोन आक्का आहेत. गावांची नावं सगळ्यांत आधी त्याच ओळखतात, कारण कुणाची लेक कुठं दिली हे त्यांना तोंडपाठ आहे.

तिसरं, फोनवर आलेला मेसेज पुढं पाठवायच्या आधी तीन प्रश्न. हे कुणी सांगितलं? कुठलं गाव, कुठली तारीख? आणि हे खोटं निघालं तर मी कुणाला धरणार? उत्तर नसेल तर आपल्या फोनवरच थांबवायचं. भीती घालणारा मेसेज असेल तर सरळ पोलीस पाटलांना नाहीतर पोलीस ठाण्यात विचारायचं.

आणि चौथं, आपणही लिहायचं. दवाखान्यात औषध नाही, अंगणवाडीचं छप्पर गळतंय, हे पेपरकडं आपल्या नावानिशी पत्रानं कळवा. छापून येईल न येईल. पण खाली गटाचं नाव आणि सह्या असल्या, की त्याच पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घेता येते.

ती आमची मैत्रीण अजून कोर्टात जाते. गेल्या बैठकीत नोटिशी वाचायची पाळी तिची होती. तिनं सगळं पान वाचलं, एकही चौकट न सोडता. त्यात आमच्या कुणाचं काही नव्हतं. पण शेजारच्या वाडीतल्या एका विधवा बाईच्या गटाचा नंबर निघाला. त्याच संध्याकाळी तिघीजणी तिच्या घरी गेल्या. मुदत संपायला अजून 11 दिवस बाकी होते.