दारूचा परवाना आणि कामगाराचा पगार



या व्यासपीठाला विद्वानांची परंपरा आहे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, पगारपत्रके वाचता वाचता. म्हणून दारू आणि जुगार या विषयाकडे आम्ही नीतीच्या नव्हे, तर पगाराच्या बाजूने पाहणार आहोत.

प्रथम कायदा पाहू. दारूबंदीसाठी झटणे हे राज्याचे कर्तव्य, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी आणली. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा कायम राहिला. आजही त्याच्याच नियमांप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. आता गंमत पाहा. दारूबंदीचा अंमल करणारे खाते तेच, दुकानांना परवाने देणारे तेच आणि बाटलीवरचा कर गोळा करणारेही तेच! या करातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. पिकात वाटा असलेल्या चोराला कोणता शेतकरी राखणीला ठेवील?

मग पुन्हा संपूर्ण बंदी आणावी काय? आमच्या भगिनी हे विचारतात, आणि त्यांचा संताप आम्ही जवळून पाहिला आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली सरकारनेच ती उठविली. चोरटी विक्री वाढली, हे कारण दिले. उलट, जेथे उघड दुकाने आहेत त्या मुंबईत, मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मरणारे कोण? हातावर पोट असणारे. बंदी असो की कर असो, गरिबाच्या खिशाला परवडते ती भट्टीची. म्हणून राज्याचा दंडुका आधी भट्टीवर आणि तिला मिथेनॉल पुरविणाऱ्यावर पडला पाहिजे. नुसत्या पिणाऱ्याच्या पाठीवर नव्हे.

जुगाराची कथा निराळी नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. जुगार हा व्यापारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरविले. आणि १९६९ साली राज्याने स्वतःचीच लॉटरी काढली! गिरणगावात मटका चाले, त्याचा हिशेब आम्ही सभासदांना फळ्यावर मांडून दाखवीत असू. आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा आत येतात आणि नऊच बाहेर जातात. एक रुपया रोज कोणाच्या घरी जातो, ते सांगायला ज्योतिषी नको. आता मटकेवाला गल्लीत नाही, फोनच्या रूपाने खिशात आहे. २०२५ साली केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण कायदा कागदावर आणि खेळ फोनवर, असे होऊ नये.

मग आमची मागणी काय? १९४९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ठराव केला की, मजुरी दारूच्या रूपात देऊ नये आणि गुत्त्यात वाटू नये. पगार आणि गुत्ता यांत अंतर हवे, हे जगातल्या कामगारांनी अनुभवाने जाणले होते. तेच सूत्र आम्ही पुढे नेतो. वस्तीजवळ दुकान असावे की नसावे, हे वस्तीने ठरवावे. आडव्या बाटलीच्या मतदानाचा हक्क आज आहे. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांची मते लागतात. जी बाई त्या दिवशी कामावर गेली, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात! आमदाराला निवडून येण्यास अशी अट नाही. मग ती बायकांनाच का? झालेल्या मतांत बहुमत असेल, तर दुकान उठले पाहिजे.

दुसरे, या करातला ठरलेला वाटा व्यसनमुक्तीच्या उपचारावर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा. तिसरे काम आमचे, युनियनचे. सावकार आणि गुत्तेवाला हे सख्खे शेजारी. कामगाराला पतपेढीचा आधार दिला, तर दोघांचेही गिऱ्हाईक तुटेल.

सरकारने लोकांचा बाप व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याने निदान दुकानदाराचा भागीदार होऊ नये.