कूलिंग टॉवरचा कामगार आणि शहराचा श्वास



2002 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणी कामगारांच्या गावात न्यूमोनियाची साथ उद्भवली. सात माणसे दगावली; पावणेदोनशेच्या आसपास आजारी पडली. रोगाचे मूळ सापडले ते नगरपालिकेच्याच एका कलाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेत. तिच्या पाण्यावर जंतुनाशक प्रक्रिया करण्याचा करार रद्द झालेला होता. यंत्रणेतून उडालेले तुषार रस्त्याने जाणाऱ्यांच्या छातीत शिरले.

हा लिजिओनेअर्स रोग. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत तो प्रथम ध्यानात आला. 1977 साली त्याचा जंतू ओळखला गेला. सामान्यतः तो माणसाकडून माणसाला होत नाही. 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी, गाळ, गंज आणि बुळबुळीत थर यांत जंतू फोफावतो. देखभाल नसलेला कूलिंग टॉवर त्याला हे सारे आयते पुरवतो आणि वर पंख्याने वाऱ्यावर सोडतो.

म्हणूनच टॉवर चालविणारा कामगार हा सार्वजनिक आरोग्याचा पहारेकरी होय. जंतुनाशकाची मात्रा मोजणे, क्षार साठलेले पाणी वेळोवेळी सोडून देणे, तुषार अडविणारे पडदे तपासणे, पाणी न खेळणाऱ्या नळ्या शोधणे, बंद पडलेला टॉवर धुऊन मगच सुरू करणे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे, हे त्याला शिकविले पाहिजे. ते का करायचे, हेही त्याला उमगले पाहिजे. जोराच्या फवाऱ्याने टॉवर धुताना पहिला धोका त्याच्याच फुप्फुसांना असतो, हे ठाऊक नसेल तर तोंडावरचा मास्क त्याला निव्वळ जाच वाटेल.

परंतु प्रशिक्षण म्हणजे मालकाची जबाबदारी कामगाराच्या खांद्यावर ढकलण्याची युक्ती नव्हे. बॅरोच्या चौकशी अहवालाने अपुऱ्या प्रशिक्षणावर बोट ठेवले. त्याचबरोबर जबाबदारीची अस्पष्ट वाटणी आणि दिलेल्या इशाऱ्यांची उपेक्षा हे दोषही नोंदविले. नगरपालिकेला 2006 साली सव्वा लाख पौंड दंड झाला. मालकी सार्वजनिक असली की कारभार आपोआप लोकहिताचा होतो, या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

मुंबई-पुण्याच्या कारखान्यांवर, रुग्णालयांवर आणि मॉलवरही असे टॉवर उभे आहेत. ते राखणारे हात कंत्राटी असोत वा कायम, त्यांना कामाच्या वेळेत, पगारासह आणि त्यांच्या भाषेत शिक्षण मिळाले पाहिजे. नोंदवही कामगार प्रतिनिधींना खुली हवी. आणि पाणी बिघडल्याचे दिसताच टॉवर थांबविण्याचा अधिकार, नोकरी गमावण्याच्या भयाविना, त्या कामगाराला हवा. कामगार संघटनांच्या मागण्यांत पगारवाढीच्या कलमाखाली हे कलमही लिहिले जावे. ज्याला धोका ओळखता येतो पण यंत्र थांबविता येत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच राहते. आणि त्या अर्धवटपणाची किंमत रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस मोजतो.