दावा नामंजूर झाल्यावर
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यविम्याचे हप्ते आता आपल्या समाजातील पुष्कळ घरांतून भरले जातात. परंतु दावा नामंजूर झाल्यास काय करावे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आम्हांसही गेल्या पावसाळ्यापर्यंत ते ठाऊक नव्हते.

रिसोड तालुक्यात राहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंस पाच दिवस ताप होता. एके रात्री भोवळ येऊन ते पडले, म्हणून वाशीमच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. तीन दिवसांनी घरी आणले. घरात ठेवलेले सोयाबीन पडत्या भावाने विकून बिल भागविले. पुढे विमा कंपनीचे पत्र आले : दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती, प्रवेश केवळ तपासण्यांसाठी होता, सबब दावा नामंजूर. भावजय म्हणाली, "दादा, माणूस उभा राहत नव्हता, अन् हे म्हणतात गरज नव्हती?"

पत्र सर्वस्वी निराधार होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. केवळ तपासण्यांसाठी घेतलेला प्रवेश विम्यात बसत नाही, हे पॉलिसीतच छापलेले असते. आणि डिस्चार्ज कार्डावर 'ताप' एवढाच शब्द होता! कंपनीच्या डॉक्टरांनी रोगी पाहिलेला नसतो, कागद पाहिलेला असतो. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत उपचारांचे कागद मिळावयास हवेत. आम्ही ते मागितले. परिचारिकेच्या तक्त्यात दाखल होतेवेळचा रक्तदाब 80/50 नोंदलेला होता. पोटात पाणीही ठरत नव्हते, हेही लिहिलेले होते. ते दाखविताच डॉक्टरांनी, दाखल का केले, याचे चार ओळींचे पत्र तत्काळ दिले. हेच पहिल्या दिवशी कार्डावर लिहवून घेतले असते तर!

असे कागद प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्यांस लेखी अर्जासोबत पाठवावे. महिन्याभरात उत्तर न आल्यास, किंवा उत्तराने समाधान न झाल्यास, विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्यास आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावे. शुल्क नाही, वकील देता येत नाही, त्याची गरजही नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

बंधूंची तक्रार तेथे दाखल असून निकाल लागावयाचा आहे. आपणांपैकी कोणाच्या घरी असे नकाराचे पत्र पडून असेल, त्यांनी भोजनोत्तर आम्हांस मंडपाच्या उजव्या बाजूस भेटावे. अर्ज लिहून देऊ. चष्मा आणि कोरे कागद बरोबर आणले आहेत.