शिकल्याचे दफ्तर



याच सुरत शहरी १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे स्नेही यांनी मानवधर्म सभा स्थापिली, आणि मराठी व्याकरणकार म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्या सुमारास येथील इंग्रजी शाळेत अध्यापक असल्याने, त्या मंडळीत अग्रभागी होते, ही गोष्ट सुरतेतील मराठी शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष संतोष वाटतो. जातिभेद, विधवाविवाह, मंत्रतंत्र यांवर तेथे वाद झडत. सभा अल्पायुषी ठरली. परंतु झालेल्या वादांची हकीकत दुर्गाराम लिहून ठेवीत असल्यामुळे महीपतराम रूपराम यांना १८७९ साली त्यांचे चरित्र लिहिताना ते दफ्तर हाताशी आले.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील मुले शाळेबाहेर जे शिकतात, त्याचे असे दफ्तर मात्र कोठेच नाही. साडीवर टिकल्या चिकटवण्याचे काम नगाच्या दराने घरी आणणाऱ्या आईशेजारी बसून सातवीतल्या एखाद्या मुलीने एका साडीला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून टिपला, गोंदाचा खर्च वजा केला, आणि आईच्या एका तासाच्या श्रमाचे मोल काढले, तर गुणोत्तर, सरासरी आणि अर्थशास्त्राचा श्रीगणेशा एवढे सारे तिच्या हाती आलेले असते. तरी वर्षअखेरीस गुणपत्रकात गणितापुढे जो आकडा पडायचा तोच पडतो.

हे शाळेबाहेरचे शिकणे जतन करण्याचे साधन आता मोबाइलच्या रूपाने आपल्यापाशी आहे. साडीचे छायाचित्र, आकडेमोडीचे पान, कामाची रीत सांगणारा आईचा आवाज, आणि त्याखाली तारीख घालून मुलीने स्वतः लिहिलेले टिपण: ‘पहिल्यांदा साडी उलगडण्याचा आणि घडी घालण्याचा वेळ धरला नाही, म्हणून उत्तर चुकले.’ गुरुजनहो, माझ्या मते अशा नोंदींच्या साऱ्या संग्रहात हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. ते खोडू नका, त्याची भाषा सजवू नका, शेजारी शेरा लिहायचाच तर एखादा प्रश्न लिहा, की पावसाळ्यात माल कमी येतो तेव्हा हिशेब कसा बदलेल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्या सहवासात घालवण्याची सूचना केली आहे, आणि प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याने स्वतःचे व सोबत्यांनी त्याचे केलेले मूल्यमापन यावे असेही म्हटले आहे. पण नोंद न ठेवता काढलेले ते दहा दिवस सहलीसारखे विसरले जातील, अशी मला धास्ती वाटते. शिवाय बापाचे काम सुटले म्हणून अर्ध्या वर्षातच नंदुरबारला किंवा धुळ्याला परतावे लागलेल्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, पण त्या दाखल्यात तो काय करू शकतो याचा कसलाच तपशील नसतो. हा संग्रह त्याच्या नव्या शिक्षकासमोर उघडता आला, तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणार नाही.

पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कारखान्याच्या पाळीवर जातो, याचा विसर कोणत्याही योजनेला पडता कामा नये. म्हणून साधने शाळेत असावीत आणि त्यांसाठी आठवड्याचा एक तास वेळापत्रकात राखलेला असावा. ज्याचे चित्र वा आवाज घ्यायचा त्याची संमती घ्यावी, आणि संग्रहातील काय कोणाला दाखवायचे हे ठरवण्याचा हक्क विद्यार्थ्याच्याच हवाली करावा.

येत्या जूनपासून सहावीच्या वर्गात हा उपक्रम आरंभावा, आणि त्याच्या खर्चाचा पहिला हिस्सा उचलण्याची मुभा व्यवस्थापक मंडळाने मला द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.