अर्धे ऐकलेले नाटक



मी सातवी शिकलेली. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्या.

लहानपणी आकाशवाणीवर नभोनाट्य लागले, की आईचे हात भाजी निवडीत आणि कान नाटकात असत. परवा मुलीने एका जुन्या इंग्रजी नभोनाट्याची हकीकत सांगितली. एच. जी. वेल्स यांची कादंबरी व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली. तीत मंगळावरचे जीव इंग्लंडवर चालून येतात आणि शेवटी साध्या रोगजंतूंनी मरतात. ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ती अमेरिकेत रेडिओवर आणली. पण गोष्ट तिथल्याच गावी घडवली, तीही बातम्यांसारखी. हे नाटक आहे, असे आरंभी सांगितले होते. ज्यांनी मधूनच ऐकले, त्यांतले काही घाबरले. वर्तमानपत्रांनी ती घबराट आणखी फुगवली.

आपण त्यांना हसू नये. आपल्याच जिल्ह्यात, गडचिंचले येथे, एप्रिल २०२० मध्ये चोरांच्या अफवा उठल्या असताना जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला.

मीही एकदा मुले पळवणाऱ्यांचा निरोप मोबाईलवर पुढे धाडला होता. शेजारणीने आठवडाभर पोर शाळेत पाठवले नाही. निरोप खोटा निघाला, तेव्हा तिला तोंड दाखवायची मला लाज वाटली. तेव्हापासून मी आधी पुरते ऐकते, मग बोलते. तुम्हीही तसेच करा, एवढीच विनंती.